डक्टला लागून असलेला कॉलम

मुलुंड, भांडुप, घाटकोपर या उपनगरांत १९७० ते १९९०च्या दरम्यान बांधलेल्या तीन-चार मजली इमारतींची दुरुस्ती हे माझे रोजचे काम आहे. तो सिमेंटटंचाईचा काळ होता. सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. खाडीची, पुरेशी न धुतलेली रेतीही तेव्हा अनेक ठिकाणी वापरली गेली. त्या रेतीतले क्षार आजही काँक्रीटमध्ये आहेत आणि सळ्या आतून गंजवत आहेत.

मुलुंडमधील अशाच एका सोसायटीत फेब्रुवारी महिन्यात काम चालू होते. इमारतीच्या मजबुतीच्या ऑडिटच्या अहवालात ती ‘सी-२ बी’ वर्गात, म्हणजे रहिवाशांना बाहेर न काढता दुरुस्त करण्याजोगी, असे नमूद होते. त्या दिवशी सकाळी शौचालयाच्या डक्टला, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीला, लागून असलेल्या तळमजल्यावरील कॉलमचे प्लास्टर उतरवायला घेतले. हातोडीने ठोकताना तो भाग पोकळ वाजत होता. प्लास्टर निघाले तेव्हा त्याखाली आणखी एक प्लास्टर लागले, जवळजवळ दोन इंच जाडीचे. पूर्वी कोणीतरी गंजलेल्या सळ्या न घासता, न बदलता त्यावर सिमेंट-रेतीचा गिलावा चढवून रंग दिला होता. मिस्त्री म्हणाला, “साहेब, ही रिंग हातातच आली.” त्याच्या तळहातावर तपकिरी पापुद्र्यांचा चुरा होता. उभ्या सळ्यांपैकी कोपऱ्यातील दोन पेन्सिलीइतक्या बारीक झाल्या होत्या, आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगा तीन फुटांच्या उंचीत जवळजवळ उरल्याच नव्हत्या.

उभ्या सळ्यांना बाहेर वाकू न देण्याचे आणि आतले काँक्रीट आवळून धरण्याचे काम रिंगा करतात. त्या तुटलेल्या असताना काँक्रीट फोडणारा ब्रेकर चालवत राहणे म्हणजे वरच्या सर्व मजल्यांचा भार जोखमीवर टाकणे होय. मी ताबडतोब फोडकाम थांबवले आणि टेकू म्हणून लोखंडी जॅक मागवले. येथे एक गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते: टेकू फक्त तळमजल्यावर लावून भागत नाही. त्या कॉलमवर येणाऱ्या प्रत्येक मजल्याच्या बीमखाली, खालच्या जॅकच्या नेमक्या रेषेत, वरचा जॅक उभा राहावा लागतो. रेष चुकली तर मधल्या स्लॅबवरच नको तिथे भार पडतो. त्यामुळे जॅक लोकांच्या स्वयंपाकघरांत उभे करावे लागणार होते. दुसऱ्या मजल्यावरील आजींनी ओट्याशेजारचे डबे स्वतः उचलून जागा करून दिली आणि विचारले, “अहो, हा खांब इथे किती दिवस राहणार?” नवे काँक्रीट पुरेसे बळकट होईपर्यंत तो हलवता येणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. रात्री दहाच्या सुमारास शेवटच्या मजल्यावरचा जॅक आवळला गेला, आणि मगच मी साइट सोडली.

पुढची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारे रसायन फवारले, तर सळ्यांच्या मागेपर्यंत कुठेही गुलाबी रंग उमटला नाही. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो आणि त्या अल्कधर्मी आवरणातच पोलाद सुरक्षित राहते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो ९च्या खाली गेला की संरक्षण संपते. डक्टमधील गळक्या पाइपांची ओल या कॉलमला वर्षानुवर्षे मिळत होती. गंजाला मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि पोपडे सुटतात.

जेवढे फुटले आहे तेवढेच बुजवावे, असा समितीचा आग्रह होता. खर्चाची चिंता रास्त होती, पण तो मार्ग मला मान्य नव्हता. क्षार असलेल्या काँक्रीटमध्ये एकाच जागी नवा मॉर्टर भरला, तर त्याच्या कडेला राहिलेली सळई आधीपेक्षा वेगाने गंजू लागते. म्हणून स्वच्छ पोलाद दिसेपर्यंत काँक्रीट उघडले, सळईच्या मागेही बोटभर जागा केली, जाडी घटलेल्या सळ्यांच्या जोडीला नव्या सळ्या पायथ्यात छिद्रे पाडून रासायनिक अँकरने चिकटवून बसवल्या, नव्या रिंगा कमी अंतरावर बांधल्या आणि चारही बाजूंनी मायक्रोकाँक्रीटचे, म्हणजे बारीक खडीच्या ओतीव काँक्रीटचे, जॅकेट घातले. शटरिंगच्या फटी पूर्ण बंद असाव्यात आणि प्रत्येक गोणीला पाणी मोजूनच घालावे, यासाठी मी ढलाईच्या वेळी स्वतः तिथे उभा होतो. मिश्रण सैल करण्यासाठी घातलेले थोडे जास्त पाणीही ताकद घटवते.

गळके पाइप बदलल्याशिवाय जॅकेटिंग सुरू करणार नाही, ही अट मी सोडली नव्हती. सर्वसाधारण सभेत त्यावर बराच वाद झाला आणि शेवटी प्लंबिंगचे काम आधी झाले. त्याच डक्टच्या पलीकडचा कॉलमही मग उघडून पाहिला. तेथील रिंगा शाबूत होत्या, गंज वरवरचा होता, आणि तिथे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट मॉर्टरवर काम भागले.