१४ जानेवारीची हजेरी

भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल के. एम. करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी सेवानिवृत्त झाले आणि त्या स्मरणार्थ हा दिवस माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. आमच्या अमळनेरकडील माजी सैनिकांचा वार्षिक मेळावाही त्याच सुमारास, संक्रांतीच्या तिळगुळासोबत भरतो. यंदा मी वडिलांना घेऊन गेलो होतो.

दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची भाषणे नेहमीप्रमाणे पार पडली (भाषणे जरा लांबलीच). मला गुंतवून ठेवले ते मागच्या रांगेतील, १९७१ चे युद्ध लढलेल्या आप्पांनी. त्यांच्या कोटावर पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक होते. पण पदकांविषयी विचारताच ते अहिराणीत सांगू लागले ते राजस्थानच्या वाळवंटातील रात्रीच्या थंडीविषयी, मोजून मिळणाऱ्या पाण्याविषयी आणि १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीची बातमी ट्रान्झिस्टरवर ऐकल्यानंतरही न सोडलेल्या खंदकाविषयी, कारण पश्चिम आघाडीवरील युद्धविराम दुसऱ्या दिवशीचा होता.

वर्षभरात निवर्तलेल्यांची नावे हुद्द्यासह वाचली गेली, तेव्हा आप्पा काठी बाजूला ठेवून सावधान उभे राहिले. त्यानंतर भरीत आणि कळण्याच्या भाकरीची पंगत बसेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत.