मावशीची ‘टीबी गोल्ड’

आमच्या मावशीने सोलापूरच्या पूर्व भागात तीसेक वर्षे विड्या वळल्या. आता संधिवाताने तिची बोटे इतकी आखडली आहेत की चहाचा कप धरायलाही दोन्ही हात लागतात. डॉक्टरांनी टीएनएफ (शरीरात दाह पेटवणारे एक प्रथिन) रोखणारे इंजेक्शन सुचवले आणि त्याआधी ‘टीबी गोल्ड’ ही क्षयासाठीची रक्ततपासणी करून आणायला सांगितले. “अरे, मला खोकलासुद्धा नाही, मग टीबीची तपासणी कशाला?” हा तिचा प्रश्न रास्तच होता. क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेकांना रोग होत नाही, कारण पेशी त्यांना कोंडून ठेवतात. परंतु ही कोंडी टिकते ती बऱ्याच अंशी टीएनएफमुळे, आणि इंजेक्शन नेमके त्यालाच अडवते.

या तपासणीत जंतू शोधत नाहीत, तर रक्तातल्या टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) त्यांची ओळख पटते का, हे पाहतात. करड्या, हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या टोपणांच्या चार नळ्यांत प्रत्येकी १ मिली रक्त घेतात. करडी कोरी असते. हिरव्या आणि पिवळ्या नळीच्या आतल्या बाजूस क्षयजंतूंच्या प्रथिनांचे अंश लावलेले असतात, म्हणून नळ्या हलवून घ्याव्या लागतात. ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवल्यावर, ओळख असलेल्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन सोडतात आणि तेच मोजले जाते. बीसीजी लशीत ही प्रथिने नसल्यामुळे, मांटू या त्वचेवरच्या क्षयचाचणीत लशीमुळे होणारी गफलत येथे टळते.

जांभळ्या नळीत मात्र कोणत्याही धडधाकट टी-पेशीला चेतवणारा पदार्थ असतो. मावशीच्या पहिल्या तपासणीत तीच नळी गप्प राहिली आणि अहवालावर ‘इनडिटरमिनेट’ (निष्कर्ष काढता येत नाही) असा शेरा आला. एका नातेवाइकाने त्याचा अर्थ “म्हणजे काही नाही” असा लावला, जो साफ चुकीचा होता. पेशींनी उत्तरच दिले नव्हते. चौकशी केल्यावर कळले की शनिवारी दुपारी घेतलेले रक्त रविवारी संध्याकाळी इनक्युबेटरमध्ये गेले होते. हा अवधी १६ तासांहून अधिक नसावा, आणि तोही सोलापूरच्या मे महिन्यातल्या खोलीत नव्हे. मावशीच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळेही असे होऊ शकते, हे मान्य. तरी माझा राग त्या रविवारवरच आहे.

दुसऱ्यांदा आम्ही सकाळीच, इनक्युबेटर असलेल्या ठिकाणी गेलो. अहवाल पॉझिटिव्ह आला. त्यावरून जंतू सुप्त आहेत की रोग चालू आहे हे ठरत नाही, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला. आता सुप्त जंतूंवरच्या औषधाचे, आठवड्यातून एकदा, असे १२ डोस घ्यायचे आहेत. मावशीने सिद्धेश्वराचा म्हणून सोमवार निवडला आहे. लघवी लालसर होईल हे आधीच सांगून ठेवल्यामुळे पहिल्या सोमवारी ती घाबरली नाही. इंजेक्शन किती लांबले, एवढेच मात्र तिने दोनदा विचारले.