झुमरा आणि ३० सेकंद

काल इथल्याच, इंदूरच्या एका स्टुडिओवाल्याचा फोन, म्हणे ताई बंदिश मस्तच आहे पण सुरुवातीचा आलाप काढून टाका, रीलमध्ये ३० सेकंदांत पब्लिक पळतं. मला हसूच आलं, अहो याच गावात ख्यालगायक अमीर खाँसाहेब वाढले, त्यांचा १४ मात्रांचा झुमरा ताल इतका संथ की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, परत येईपर्यंत चहा पिऊन यावा!

तसं जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीतही एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं मावायची, मोठमोठ्या गवयांनी ख्याल कोंबलाच ना त्यात. आणि मी काही अगदी सोवळ्यातली नाहीये हां, मागच्या महिन्यात शेवेच्या दुकानाची जिंगल केली, त्याच पैशांत तानपुऱ्याची जवारी काढून घेतली, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार नीट करून घेतला. पण आलाप नाही कापणार, तसं त्याला सांगितलं, तर म्हणे बरं, मग पैसे निम्मे.