ढोल वाजला की आवाज फाटतो: लिनक्स आणि जुने टीव्ही कार्ड

लिनक्सवर टीव्ही कार्डाचे (संगणकात टीव्ही किंवा व्हीसीआरचे चित्र घेणाऱ्या पट्टीचे) चित्र स्वच्छ येते आणि आवाज मात्र फाटतो, अशी वेळ आली की बहुतेक जण ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) बदलण्याच्या मागे लागतात. माझ्या मते ड्रायव्हरला हात सगळ्यात शेवटी लावावा. आवाज नेमका कसा बिघडला आहे हे आधी लक्ष देऊन ऐकले, तर दोष कुठे शोधायचा याचा निम्मा उलगडा तिथेच होतो.

माझे कार्ड एसएए ७१३४ या चिपवरचे आहे, तपकीर गल्लीत जुन्या मालात मिळालेले. पुण्यातील केबल डिजिटल झाल्यापासून त्याच्या ट्यूनरला, म्हणजे वाहिनी पकडणाऱ्या भागाला, फारसे काम उरले नाही. परंतु व्हीसीआरच्या कॅसेटी संगणकावर उतरवायला ते अजूनही उत्तम आहे. चित्र कार्डातून घेतो आणि आवाज मदरबोर्डच्या लाइन-इनमधून, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकातून. शेजारच्या काकांनी दिलेल्या विसर्जन मिरवणुकीच्या कॅसेटी उतरवताना बोलणे व्यवस्थित ऐकू येत होते, पण ढोल-ताशा सुरू झाला की कर्कश खरखर होत होती.

फक्त मोठा आवाज फाटत असेल, तर पातळी मर्यादेबाहेर जात आहे असे समजावे. प्रथम पिन निळ्या भोकातच आहे ना, हे पाहावे. गुलाबी भोक मायक्रोफोनचे असते आणि त्यामागचा प्रवर्धक व्हीसीआरच्या मुळातच दणकट संकेताला आणखी फुगवतो. त्यानंतर अलसामिक्सर या आवाजाच्या पातळ्या ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये एफ ४ दाबून कॅप्चरची (आत येणाऱ्या आवाजाची) पातळी उतरवावी, तोच तुकडा पुन्हा मुद्रित करावा आणि दोन्ही फायली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून लहरींकडे जवळून पाहावे. पहिल्या फायलीत लहरींचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट होते. पातळी उतरवल्यावर ते गोलाकार झाले, म्हणजे कापाकापी संगणकात होत होती. अलका चौकातल्या एका तुकड्यात मात्र माथे खाली आले तरी सपाटच राहिले. अशा वेळी दोष संकेत संगणकात येण्याआधीचा असतो. व्हीसीआर थेट टीव्हीला जोडल्यावर तीच खरखर तिथेही ऐकू आली. तो तुकडा चित्रीकरणाच्या वेळीच फाटलेला असणार, आणि कोणत्याही सेटिंगने तो सुधारणार नाही.

आवाज लहानमोठा कसाही असो, सतत बिघडलेलाच असेल तर प्रश्न वेगळा. या चिपमधूनच ट्यूनरचा आवाज घेतला, तर तो सेकंदाला ३२,००० नमुन्यांनी (आवाजाच्या मोजमापांनी) येतो. पुढचा प्रोग्राम तो ४८,००० चा समजून वाजवू लागला, की गती दीडपट होते आणि सूर बरोबर षड्जावरून पंचमावर जातो. गाणाऱ्या माणसाला हे क्षणात कळते. एरेकॉर्ड या मुद्रणाच्या प्रोग्रामला ‘एचडब्ल्यू’ प्रकारचे, म्हणजे थेट कार्डाशी बोलणारे, उपकरण दिले, तर मागितलेला दर मिळाला नसल्याची सूचना ते देते. ‘प्लगएचडब्ल्यू’ मात्र मधल्या मध्ये रूपांतर करून मोकळे होते. म्हणून तपासणीपुरते तरी पहिलेच वापरावे. ट्यूनर वापरणाऱ्यांनी प्रसारणाची पद्धतही पाहावी: आपल्याकडच्या पाल-बीमध्ये ध्वनीची वाहक लहर चित्राच्या वाहक लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्‌झवर असते, तर पाल-आयमध्ये सुमारे ६ वर. ही निवड चुकली की चित्र बरे येते आणि आवाजाच्या जागी फसफस.

राहिली ती मधूनच होणारी ‘टक्’. एरेकॉर्डचा प्रवाह थेट एप्ले या वाजवणाऱ्या प्रोग्रामला जोडून ऐकताना ती येत असेल, तर बहुधा आवाज घेणाऱ्या आणि तो वाजवणाऱ्या अशा दोन कार्डांची घड्याळे वेगळी चालत असतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० इतका फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते आणि बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) कधी रिकामा होतो, कधी ओसंडतो. अलसालूप हा छोटा प्रोग्राम ही तफावत स्वतः सांभाळून घेतो. कॅसेट उतरवायचीच असेल, तर थेट ऐकण्याचा हट्ट सोडून सरळ फायलीत मुद्रण करावे, आणि तासाच्या शेवटी ओठ व आवाज जुळतात का, तेवढे पाहावे.