मांगरातला पांढरा चेहरा आणि अमेरिकेतला मॉथमन

२०१७ साली विशाखापट्टणमचा एक व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता, आठवतोय का बघा. बांधकाम चाललेल्या एका इमारतीच्या कोपऱ्यात बारीक लांब पायांवर ताठ उभी असलेली, पांढऱ्या सपाट चेहऱ्याची, काळ्या डोळ्यांची दोन-तीन पोरं, आणि मान अशी हलवतात की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तो "एलियन सापडले" म्हणून आला, मागोमाग कोणीतरी "हे भुताचंच आहे" असं लिहिलं. मी मात्र मोबाईल हातात घेऊन तशीच बसून राहिले, कारण हा चेहरा मी आधी पाहिला होता. मे महिन्याच्या सुट्टीत, आजोळी, मालवणजवळ, वयाच्या अकराव्या वर्षी.

आजोळच्या घरामागे जुना मांगर होता. पूर्वी त्यात गुरं बांधायचे, नंतर नुसता पेंढा, शेणी आणि मोडकी हत्यारं. लाईट गेलेली, मला मागीलदारी जायचं होतं, हातात टॉर्च. मांगराच्या माळ्यावरून घोरल्यासारखा आवाज आला म्हणून टॉर्च वर केला तर आढ्याजवळ एक पांढराशुभ्र चेहरा, हृदयाच्या आकाराचा, नाकाच्या जागी नुसती एक रेघ, आणि तो चेहरा माझ्याकडे बघत हळूहळू तिरका होत गेला. मग अशी एक किंकाळी, कापड टराटरा फाडल्यासारखी, आणि काहीतरी मोठं पांढरं माझ्या डोक्यावरून गेलं, पण पंखांचा जरासुद्धा आवाज नाही. मी ओरडत घरात.

आजीने जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, "काय दिसला गो तुका?" मी सांगितलं. ती अजिबात घाबरली नाही. म्हणाली, "देवचार तो. आपलो राखणदार. तो काय करूचो नाय." सकाळी मांगराच्या दाराशी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, विषय संपला. माझ्यासाठी काही संपला नव्हता, पुढची कितीतरी वर्षं मी रात्री त्या बाजूला गेले नाही.

व्हिडिओतली ती "एलियन" म्हणजे गव्हाणी घुबडाची पिल्लं होती. पूर्ण वाढलेलं गव्हाणी घुबड फूट-सव्वा फूट उंच, वजन अर्धा किलोच्या आतबाहेर, पण पंख पसरले की तीन फुटांच्या आसपास जातं. गोठे, मांगर, देवळांची शिखरं, पडकी घरं ही त्याची जागा, म्हणून तर नाव गव्हाणी. पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखी बारीक झालर असते, त्यामुळे उडताना हवा कापल्याचा आवाज होत नाही. आणि हे घुबड घुमत नाही, किंचाळतं. आपल्या सिनेमा-सिरियलमध्ये घुबड दाखवतात तेव्हा चित्र कुठल्याही घुबडाचं असो, मागे आवाज मात्र तोच घुमणारा लावतात, त्यामुळे खरी किंकाळी ऐकली की तो पक्ष्याचा आवाज असेल असं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

तेव्हापासून मी अशा "दिसलेल्या" गोष्टींच्या मागे लागले. जे मिळेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता एका गोष्टीपाशी अडकले ती अजून सुटलेली नाही. ती म्हणजे अमेरिकेतला मॉथमन.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीच्या काठी पॉइंट प्लेझंट नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा स्फोटकांचा बंद पडलेला कारखाना, लोक त्या भागाला टीएनटी एरिया म्हणायचे. दारूगोळा ठेवायला काँक्रीटचे घुमट बांधलेले, भोवती रान आणि तळी. १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री दोन तरुण जोडपी गाडी घेऊन तिकडे गेली होती, त्यांना हेडलाइटच्या उजेडात दोन लालभडक डोळे दिसले. माणसाएवढं किंवा त्याहून उंच काहीतरी, पाठीला मिटलेले पंख. ते पळाले, गाडी ताशी १०० मैलांनी पळवली तरी ते वरून मागे येत होतं असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी, पक्ष्यासारखा माणसाएवढा प्राणी दिसला म्हणून. नंतर ते भूत बघायला टीएनटी एरियात गाड्यांची रांग लागायची, आणि वर्षभर माणसं काही ना काही दिसल्याचं सांगत राहिली.

मॉथ म्हणजे दिव्यावर येणारा पतंग, पण या बातमीत पतंग किंवा त्यासारखा किडा कुठेच नाही हे लक्षात घ्या. लोकांनी पक्षी म्हटलं होतं. मॉथमन हे नाव पेपरवाल्यांनी चिकटवलं, आणि ते सुचलं ते त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या बॅटमनच्या टीव्ही मालिकेवरून, असं सांगतात. म्हणजे मॉथमनवरचा सिनेमा यायला अजून ३५ वर्षं होती पण पडद्याने त्या प्राण्याला नाव आधीच देऊन टाकलं होतं.

त्यांनी काय पाहिलं असेल? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका जीवशास्त्रज्ञाने तेव्हाच सांगितलं होतं की हा वाट चुकलेला सँडहिल क्रौंच असावा. मोठा, उंच पक्षी, पंख पसरले की सहा-सात फूट, आणि डोळ्यांभोवती लाल कातडी. आपल्याकडचा सारस याच्याच कुळातला, आणखी उंच, लाल डोक्याचा. गोंदियाकडे भाताच्या बांधावर सारस उभा असलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा, अंधारात अचानक समोर आला तर काय होईल. नंतर जो निकेल या अभ्यासकाने मोठ्या घुबडाकडे बोट दाखवलं आणि मला ते जास्त पटतं, अर्थात माझं मन मांगरामुळे आधीच घुबडाच्या बाजूला झुकलेलं आहे. घुबडाच्या डोळ्यांवर उजेड पडला की ते लाल चमकतात, सायकलच्या मागच्या रिफ्लेक्टरसारखे, आणि तेव्हा तो प्राणी दिसल्याचं सांगणाऱ्यांनी डोळ्यांचं वर्णन तसंच केलं होतं. माणसासारखे हात नाहीत, मान दिसत नाही, डोकं थेट खांद्यात घुसलेलं, हे सगळं वर्णन बसलेल्या घुबडाचंच आहे. त्याच डिसेंबरात त्या परिसरातल्या एका शेतकऱ्याने एक मोठा अनोळखी पक्षी गोळी घालून पाडला, तो निघाला उत्तरेकडून भरकटत आलेला हिमघुबड. याचं मला फार वाईट वाटतं. कोणाच्या तरी भीतीपायी एक पाहुणा पक्षी गेला.

उंचीचं म्हणाल तर, रात्री आपल्याला वस्तू किती मोठी आहे ते कळतच नाही, ती किती लांब आहे ते माहीत असलं तरच मोठेपणाचा अंदाज येतो. शेजारी झाड नाही, खांब नाही, नुसते दोन डोळे अंधारात. ते दहा फुटांवरचे आहेत की पन्नास फुटांवरचे यावर तो प्राणी दीड फुटांचा की सात फुटांचा ते ठरतं, आणि घाबरलेलं डोकं मोठ्याच बाजूने हिशोब करतं. ती चौघं खोटं बोलत नव्हती, हे मी अगदी ठामपणे म्हणते. मी पण खोटं बोलत नव्हते.

पण इथे थांबता येत नाही, कारण पुढे तेरा महिन्यांनी, १५ डिसेंबर १९६७ ला, पॉइंट प्लेझंटहून ओहायो राज्यात जाणारा सिल्व्हर ब्रिज कोसळला. संध्याकाळी पाचची वेळ, कामावरून सुटलेली माणसं, ख्रिसमसची खरेदी, पूल गाड्यांनी भरलेला. तीसहून जास्त गाड्या पुलासोबत खाली, त्यातल्या बऱ्याचशा गोठवणाऱ्या पाण्यात. ४६ माणसं गेली, त्यातली दोन कधी सापडलीच नाहीत. आणि मग कोणीतरी दोन गोष्टी जोडल्या. मॉथमन पुलाची सूचना द्यायला आला होता, किंवा त्यानेच पूल पाडला. १९७५ मध्ये जॉन कील यांचं पुस्तक आलं, त्यावरून २००२ मध्ये 'द मॉथमन प्रॉफेसीज' हा सिनेमा, रिचर्ड गिअर पत्रकाराच्या भूमिकेत, खऱ्या घटनांवर आधारित म्हणून जाहिरात.

सिनेमा चांगला आहे, हे आधी सांगते. प्राणी जवळजवळ दाखवलेलाच नाही, नुसते लाल ठिपके, फोनवरचा खरखरीत आवाज, आरशातली हालचाल, आणि तेच जास्त भीतीदायक आहे, भीती दाखवायची ती अशीच दाखवावी. पण शेवटी पूल पडतो आणि तो पडणं हे जणू आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं होतं असं वाटायला लागतं, तिथे मला राग येतो. कारण पूल का पडला ते माहीत आहे! नदीतून लोखंड बाहेर काढून एका मोकळ्या मैदानात तो अख्खा पूल तुकड्या-तुकड्याने पुन्हा मांडला गेला, इंजिनिअरांनी महिनोन् महिने एकेक सांधा तपासला आणि शेवटी सापडली ती एका पट्टीच्या भोकाच्या आतल्या बाजूची भेग, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल. १९२८ चा पूल, केबलच्या जागी लोखंडी पट्ट्यांची साखळी, आणि प्रत्येक कडीत फक्त दोन पट्ट्या. गंज आणि ताण मिळून भेग वाढत गेली, एक पट्टी तुटली, दुसरीला सगळा भार पेलवेना, मिनिटाभरात खेळ खलास. पूल बांधला तेव्हा रस्त्यावर हलक्या फोर्ड गाड्या होत्या, ६७ साली त्यावर किती जड वाहनं उभी होती विचार करा. सांधा उकलल्याशिवाय ती भेग दिसणंच शक्य नव्हतं. यातूनच पुढे अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशभराचे नियम आले, १९७१ मध्ये, आणि तसाच बांधलेला दुसरा पूल बंद करून पाडून टाकला.

मुंबई-गोवा हायवेने गावी जाणाऱ्या माणसाला हे वाचताना सावित्री आठवणार नाही का? २ ऑगस्ट २०१६, महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. आम्ही कितीतरी गणपती त्या पुलावरून गेलोय. उद्या कोणी त्या जागेवर भुताचा सिनेमा काढला, त्या रात्री घाटात कोणीतरी पांढरं दिसलं होतं असं दाखवलं तर मला सहन होणार नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना कारण हवं असतं. आपल्याकडेही पिंगळा बोलला की म्हाताऱ्या माणसांचं मन लागत नाही, काहीतरी घडणार म्हणतात, आणि ती भीती मी समजू शकते, माझ्या आजीत मी ती पाहिली आहे. पण भेग ती भेगच.

पडदा आणि डोळे यांचा हा खेळ फक्त तिथलाच नाही. १९९५ मध्ये प्युएर्तो रिकोत बकऱ्या मरायला लागल्या, रक्त शोषणारा चुपाकाब्रा आलाय म्हणाले, आणि पहिलं सविस्तर वर्णन एका बाईंनी दिलं, पाठीवर काट्यांची रांग, मोठे डोळे, दोन पायांवर चालणारा. बेंजामिन रॅडफोर्ड या संशोधकाने नंतर दाखवून दिलं की हे वर्णन त्याच जुलैत आलेल्या 'स्पीशीज' सिनेमातल्या प्राण्याशी तंतोतंत जुळतं, आणि त्या बाईंनी तो सिनेमा बघितलेला होता. पुढे टेक्सासात "चुपाकाब्रा" म्हणून जी मेलेली जनावरं सापडली ती लूत लागून केस झडलेली कोल्ह्या-कुत्र्याच्या जातीची निघाली. आणि दिल्लीतला काला बंदर तर आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल, मे २००१, उकाडा, रात्रीचे पॉवर कट, माणसं गच्चीवर झोपलेली. कोणी म्हणे हेल्मेट घातलंय, कोणी म्हणे लोखंडी नखं, कोणी म्हणे छातीवर बटणं आहेत. पोलिसांच्या तपासात असा कुठलाच प्राणी निघाला नाही, पण घाबरून पळताना गच्चीवरून, जिन्यावरून पडून माणसं खरीच मेली. 'दिल्ली-६' मध्ये २००९ साली तो माकड आला, आणि तिथे मात्र मला वाटतं पडद्याने बरोबर काम केलं, प्राणी शोधण्यापेक्षा त्याच्या नावाने शेजारी शेजाऱ्यावर कसा उठतो ते दाखवलं.

हे सगळं वाचल्यावर मी माझीच आठवण पुन्हा तपासली. शाळेत मैत्रिणींना मी सांगायचे की त्याला लांब नखं होती आणि त्याने हात पुढे केला. खरंच तसं आठवतं मला, आजही डोळ्यांसमोर येतं. पण घुबडाला हात कुठले? त्या वर्षी आम्ही सगळी भावंडं टीव्हीवर 'आहट' बघायचो, पांघरुणातून. तो हात तिथून आला असणार, आणि मला स्वतःला तो वेगळा काढून टाकता येत नाही.

मागच्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा दिवसाउजेडी मांगरात गेले. आढ्याखाली जमिनीवर करड्या-काळ्या गोळ्या पडलेल्या, घुबड न पचलेलं ओकून टाकतं त्या. एक फोडून बघितली तर आत उंदराची हाडं, बारीक दात, एक अख्खी कवटी, अंगठ्याच्या नखाएवढी. मामाला बोलावून दाखवली, म्हटलं आजीचा देवचार हा. मामा बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "पेंढ्यात उंदीर व्हते किती, आता दिसणत नाय. मगे आयेन काय चुकीचा सांगितल्यान?"

मांगराचं छप्पर यंदा बदलायचं चाललंय, पत्रे आणून ठेवलेत. मी मामाला सांगितलंय की माळ्याकडची ती एक खिडकी बुजवू नका, आणि पिल्लं असतील तर उडेपर्यंत थांबा. तो हो म्हणालाय.