घुमट कुठे गेलं?

चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की आमच्या फोंड्याकडच्या घराला रंग काढतात, आणि रंग काढायचा म्हणजे हॉलमधलं सगळं हलवायचं, त्यात टीव्ही, ॲम्प (स्पीकरना आवाज पुरवणारं मशीन), पाच स्पीकर, सबवूफर (खालच्या सुरांचा, म्हणजे बेसचा स्पीकर), सेट टॉप बॉक्स सगळंच आलं. यंदा मी पणजीला ऑफिसात होते, रंगवाल्या मुलांनी वायरी काढल्या आणि काम झाल्यावर जमतील तशा परत लावल्या. त्यांची चूक नाही, कुठली वायर कुठे जाते हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

शनिवारी घरी पोचले तर बाबा म्हणाले, अगं टीव्ही दिसतो पण ऐकू येत नाही, त्या ॲम्पमधून नुसती घूं घूं येते. मधल्या काळात एक मेकॅनिक येऊन गेला होता, त्याने ॲम्प पूर्ण रिसेट मारला आणि सांगितलं की बोर्ड गेलंय, नवीन घ्या. ॲम्प २०१४ चा, दादाने पुण्याहून आणून स्वतः बसवलेला. फेकायला माझं मन होईना.

आणि दुसरं कारण म्हणजे तो पेनड्राइव्ह. बाबांनी आयुष्यभर आरतीला घुमट वाजवलं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, मातीचं मडकं, एका तोंडावर चामडं (पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं), दुसरं तोंड उघडं, त्यावर तळहात झाकत उघडत आवाज फिरवायचा. २०१९ मध्ये गोवा सरकारने ते राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. आमच्या वाड्यावरच्या आरतीची एक जुनी कॅसेट होती, त्यात बाबा आणि अण्णाकाका दोघं घुमटावर आहेत. अण्णाकाका आता नाहीत. ती कॅसेट मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि तेव्हापासून चवथीच्या आधी बाबा ती टीव्हीला लावून ऐकतात. त्यामुळे हे काम मला शनिवार-रविवारीच करायचं होतं.

हे लिहितेय ते एकाच गोष्टीसाठी. आमच्याकडे बिघाड एक नव्हता, तीन होते, एकावर एक चढलेले. असं असलं की तुम्ही एक दुरुस्त करता पण फरक काहीच पडत नाही कारण बाकीचे दोन तसेच असतात, मग वाटतं हे कारण नव्हतंच आणि आपण बरोबर केलेलं परत काढून टाकतो. अर्धा शनिवार माझा याच्यातच गेला. म्हणून आधी हे ठरवायचं की कुठला भाग नक्की चांगला आहे, आणि तिथून एकेक जोड पुढे जायचं. एका वेळी एकच वायर हलवायची.

सगळ्यात आधी ॲम्पचाच एफएम लावला. मागे एरियलच्या जागी वायरीचा तुकडा खुपसला, तर पणजीची आकाशवाणी पाचही स्पीकरमधून आली. म्हणजे बोर्ड गेलंय हे खोटं. आतला ॲम्प चालतोय, स्पीकरपर्यंत करंट जातोय. घूं घूं मात्र रेडिओच्या मागेसुद्धा होतीच.

मग टीव्हीकडे वळले. आमच्याकडे सेट टॉप बॉक्स थेट टीव्हीला, बाकी सगळं ॲम्पला लागतं आणि ॲम्पमधून एकच एचडीएमआय केबल टीव्हीला जाते. त्या केबलमधून चित्र ॲम्पकडून टीव्हीकडे येतं आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज (पेनड्राइव्ह, यूट्यूब वगैरे) त्याच केबलमधून उलटा ॲम्पकडे जातो. या उलट्या वाटेला आर्क म्हणतात, ती २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. २०१७ ला २.१ आलं त्यात ई-आर्क आलं, त्यातून जास्त माहिती जाते, पण आमचा ॲम्प त्याच्या आधीचा म्हणून आम्हाला साधं आर्कच. आता गंमत नाही तर त्रास असा की टीव्हीला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असतात आणि आर्क त्यातल्या एकाच पोर्टवर असतं, पोर्टच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली तरी चित्र झकास येतं! त्यामुळे कुणालाही वाटतं केबल बरोबर लागलीये. आमची केबल एक नंबरला होती, आर्क तीन नंबरला. ॲम्पच्या बाजूलासुद्धा तसंच, केबल आउट लिहिलेल्या पोर्टला हवी, आमच्याकडे ती बरोबर होती.

तीन नंबरला लावली. तरी आवाज नाही. इथेच मी चुकून परत एकला लावणार होते. पण आर्क सुरू व्हायला सीईसीही लागतं, म्हणजे दोन मशीनींनी एकमेकांशी बोलायचं ते, आणि प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव ठेवलंय, सॅमसंगमध्ये ॲनिनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, त्यामुळे मेनूत शोधताना सापडत नाही. टीव्हीत ते चालू होतं. ॲम्पमध्ये त्या रिसेटमुळे बंद झालं होतं. चालू केलं, मग दोन्ही मशीनी रिमोटने नाही तर भिंतीवरच्या स्विचला बंद केल्या, पाच मिनिटं थांबले, आधी टीव्ही लावला मग ॲम्प. स्टँडबायमध्ये यांच्या डोक्यात जुनंच असतं, म्हणून प्लगवरून बंद करणं महत्त्वाचं. आणि आवाज आला.

टीव्हीत अजून एक सेटिंग बघून ठेवा, डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल तर आर्कवरून फक्त दोन चॅनल जातात, पाच स्पीकर असून पुढचे दोनच वाजतात. ऑटो किंवा बिटस्ट्रीम करायचं.

आता घूं घूं. ही आपल्याकडे ५० हर्ट्झची, म्हणजे लाइटचीच फ्रिक्वेन्सी, कुठूनतरी अर्थिंगमधून आत शिरते. मी ऑप्टिकल केबल आणली, चौकोनी टोकाची, आतून लाल उजेड जातो ती. ती लावून ॲम्प ऑप्टिकलवर घेतला तरी घूं घूं तशीच. मला वाटलं संपलं, ॲम्पच गेला. मग लक्षात आलं की एचडीएमआय अजून लागलेलीच आहे, नुसतं इनपुट बदललंय. एचडीएमआय उपसली आणि एकदम शांत. ऑप्टिकलमध्ये तांबं नाही, नुसता उजेड, त्यामुळे तिच्यातून अर्थिंगची भानगड येऊच शकत नाही. म्हणजे घूं घूं टीव्हीच्या बाजूने एचडीएमआयच्या आवरणावरून येत होती. एचडीएमआय परत लावली, आणि सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची जाड वायर फिरवून काढली. शांत. केबल कनेक्शन आम्ही यंदाच जूनमध्ये घेतलं होतं, वायर रस्त्यावरच्या खांबावरून येते, तिचं अर्थिंग वेगळं, घराचं अर्थिंग वेगळं, दोघांच्या मधे आमचा ॲम्प.

केबलवाल्याला फोन केला, तो रविवारी सकाळी येऊन गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून गेला, अंगठ्याएवढा तुकडा, वायरीच्या मधे लागतो, सिग्नल जाऊ देतो पण अर्थिंगची जोड तोडतो. कोणी तुम्हाला सांगेल की ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढा, घूं घूं जाईल. जाईलही. पण कधीही करू नका, ती पिन माणसाच्या जिवासाठी असते. आणि एक वेगळं सांगते, दोन वर्षांपूर्वी एप्रिल-मेमध्ये अशीच घूं घूं आली होती आणि पहिला पाऊस पडल्यावर आपोआप गेली, तेव्हा कारण घराच्याच अर्थिंगचा खड्डा होता, आमच्याकडची चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठक्क पडते. तेव्हापासून मार्च लागला की त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालतो.

नुसती ऑप्टिकलच का नाही ठेवली असं दादाने फोनवर विचारलं. कारण ऑप्टिकलमधून सीईसी जात नाही, मग बाबांना आवाजासाठी वेगळा रिमोट, आणि त्यांना दोन रिमोटचा वैताग येतो. एकाच रिमोटने सगळं व्हायला हवं ही त्यांची एकच अट आहे आणि ती मला रास्त वाटते.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बाबांना बसवलं आणि पेनड्राइव्ह लावला. आवाज स्वच्छ. कांसाळं (झांजा) छान खणखणीत, शामेळही (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) वाजतंय, माणसांचा गजर येतोय. बाबा दोन मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, "घुमट कुठे गेलं?"

मी म्हटलं बाबा आहे की, कॅसेट जुनी आहे. ते म्हणाले, "नाही गं, गेल्या वर्षी होतं. हे दुरून, पडवीच्या पलीकडून आल्यासारखं वाटतं."

सबवूफर चालू होता म्हणून मी बेसचा विचारच केला नव्हता. पण त्यांनी पलीकडून म्हटलं तेव्हा डोक्यात आलं. पुढच्या दोन स्पीकरपैकी एकाच्या वायरी उलट्या लागल्या, लाल काळ्याला आणि काळी लालला, तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि दोघांत जे सारखं आहे ते एकमेकांना खातं, त्यातही खालचे सूर सगळ्यात जास्त. कांसाळ्यासारखा वरचा आवाज तेवढा वाचतो. आणि आमची कॅसेट मोनो, म्हणजे डावीकडे उजवीकडे अगदी एकच, त्यामुळे तिच्यात हे सगळ्यात जास्त कळणार. सिनेमा बघताना कदाचित महिनोन्‌महिने कळलं नसतं.

तपासायला साधा उपाय आहे. स्पीकरच्या वायरी ॲम्पकडून सोडवायच्या, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा, त्याचं अधिक टोक लाल वायरीला आणि उणे काळ्या वायरीला क्षणभर टेकवायचं, धरून ठेवायचं नाही. जाळी काढून बघितलं तर मोठा पडदा बाहेर यायला हवा. उजव्याचा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. स्पीकरच्या मागे बघितलं तर उलट्याच.

तिथेच दुसरंही दिसलं, उघड्या तांब्यावर समईवर चढतो तसा हिरवा कळंक. आमच्या हवेत हे होणारच, समुद्र फार लांब नाही आणि चार महिने सगळं ओलं. दोन-दोन सेंटीमीटर वायर कापली, नवीन तांबं सोललं, तारा नीट पिळल्या कारण एक जरी तार सुटून शेजारच्या टोकाला लागली तर ॲम्प स्वतःला बंद करून घेतो, आणि घट्ट आवळलं. आता प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून बॉलपेनने नाव लिहिलंय, टीव्हीच्या तीन नंबर पोर्टवर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

परत लावलं. पहिल्याच ठोक्याला बाबांचा हात मांडीवर चालायला लागला. थोड्या वेळाने आरतीच्या मधे एक उचल येते तिथे त्यांनी मला हाताने थांब म्हणून खूण केली, मी काही बोलत नव्हते तरी. म्हणाले, "हा अण्णाचा हात."

आईने आतून विचारलं आवाज एवढा मोठा का, कोणी कमी केला नाही.

मागचा उजवा स्पीकर मधेच बंद पडतो, माळ्यावरून गेलेली वायर बहुतेक उंदरांनी कुरतडलीये. ते चवथ झाल्यावर बघते.