पहिल्या धारेचं पाणी

शौचाच्या नमुन्यांचा रिपोर्ट 'व्हिब्रिओ कॉलरी ओ-१, ओगावा', म्हणजे कॉलराच, असा आला, तोवर उत्तर नागपुरातल्या त्या वस्तीत पेजेसारखे जुलाब होणाऱ्यांची संख्या वाढतच चालली होती. ओआरएस, सलाइन, डॉक्सिसायक्लिन हे सगळं दवाखान्यात नीट चालू होतं. माझ्याकडे प्रश्न होता तो, हे येतंय कुठून?

लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची यादी, तीत नाव, वय, तारीख आणि खाली सही, एवढ्यावरच आपल्याकडे भागवतात. मी आशाताईंना आणखी रकाने पाडायला लावले : नळ कुठल्या लाइनवरचा, टुल्लू पंप आहे का, पिण्याचं पाणी आधी भरता की मागून. नकाशावरचे ठिपके एकाच गल्लीच्या टोकाला गोळा झाले. पण तिथल्या पाण्याचे नमुने 'पिण्यास योग्य', क्लोरीनही पुरेसा!

वाट सापडली ती आजारी नसलेल्या घरात. आजूबाजूला सगळीकडे जुलाब, आणि मधलं हे भरलं घर ठणठणीत. काकू म्हणाल्या, "सुरुवातीचं पाणी वास मारते ना मॅडम. ते नालीत सोडून देते, पिण्याचं मागून भरते." १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या कॉलऱ्याच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनीही हेच पाहिलं होतं, की पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार कसे वाचले. त्यांच्याकडे स्वतःची विहीर होती.

नमुना घेण्याची रीत अशी : तोटी ज्योतीवर तापवायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग निर्जंतुक बाटली भरायची. मुख्य लाइन तपासायला ती बरोबरच आहे. पण पाणी चोवीस तास नसलं की नळ गेल्यावर पाइपात दाब उरत नाही. वरून टुल्लू पंप ओढतात, आणि शेजारच्या गडर लाइनचं, म्हणजे मैल्याच्या गटाराचं, पाणी गळक्या जोडातून आत शिरतं. ते बाहेर येतं पहिल्या धारेला, आणि रीतीप्रमाणे नेमकी तीच सोडून दिली जाते.

सकाळी नळ यायच्या आधीच जाऊन बसलो. पहिल्या धारेच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं), रंग आला नाही. क्लोरीन शून्य. थोड्या वेळाने त्याच नळाचं पाणी छान पिवळं झालं. पहिल्या धारेची एचटूएस बाटली (मैल्याचे जंतू असतील तर ती काळी पडते) दुसऱ्या दिवशी काळीठिक्कर. खोदल्यावर घरजोडणीचा जीआय (लोखंडी) पाइप गडरच्या चेंबरमधूनच गेलेला दिसला, तळाशी सडलेला.

त्या गल्लीने वासाची तक्रार पावसाच्या आधीच केली होती. शेरा होता : 'नमुना योग्य, तक्रार निकाली.' ज्याने तो लिहिला त्याने एकदा तरी पहिली बादली हुंगायला हवी होती. त्या गल्लीतले एक आजोबा गेले.

पाइप बदलला तो त्या एकाच गल्लीतला. शेजारच्या जोडण्या आजही चेंबरांमधूनच जातात. पहिल्या धारेचेही नमुने घ्या आणि चेंबरमधून जाणाऱ्या प्रत्येक जोडणीची यादी करा, असं मी लेखी मागितलं आहे. "आता पेशंट कुठे आहेत?" असं मला विचारलं गेलं. पेशंट नाहीत, तेव्हाच तर हे काम करायचं असतं.